तापवायची तंबाखू: सिगारेट ओढणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. मी पुण्यात समुपदेशक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत समोर बसलेला माणूस सिगारेट, विडी, मावा, मिश्री एवढीच नावं घ्यायचा. आता अधूनमधून हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, ते जपानचं मशीन घेतलं तर चालेल का?" विचारणारे बहुतेक कामानिमित्त दुबई, टोकियो, लंडनला येऊनजाऊन असणारे, नाहीतर त्यांच्या आया आणि बायका. माझा धाकटा भाऊ टोकियोत राहतो आणि कित्येक वर्षं हेच ओढत आला आहे, त्यामुळे हा विषय माझ्या घरातलाही आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हे नेमकं असतं तरी काय?

बॅटरीवर चालणारं, जाडसर पेनाएवढं एक यंत्र आणि त्यात खोचायची तंबाखूची छोटी कांडी. सिगारेट ओढताना तिचं जळतं टोक ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. या यंत्रांत तंबाखूला आग लागू देत नाहीत, नुसती तापवतात. फिलिप मॉरिसच्या आयकॉसमध्ये ती साधारण ३५० अंशांपर्यंत तापते, ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या ग्लोमध्ये त्याहून बरीच कमी, अडीचशेच्या आसपास. तेवढ्या उष्णतेने तंबाखूतलं निकोटिन आणि कांडीत मुद्दाम मिसळलेलं ग्लिसरीन फवाऱ्यासारखं सुटतं. ओढणारा तेच छातीत घेतो.

भावाकडे गेले होते तेव्हा मी हे जवळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून त्याने कांडी यंत्रात बसवली, बटण दाबलं. यंत्र हातातल्या हातात थरथरलं आणि वीसेक सेकंदांनी तयार झाल्याची खूण म्हणून पुन्हा थरथरलं. सहा मिनिटं किंवा चौदा झुरके, जे आधी संपेल ते, की यंत्र आपणहून बंद होतं. ओढून झालेली कांडी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. सिगारेटपेक्षा आखूड, अजून कोमट, राख अजिबात नाही. तंबाखूचं टोक मात्र काळपट तपकिरी झालेलं, तव्यावर जरा जास्त वेळ राहिलेल्या भाकरीच्या कडेसारखं. वास भाजलेल्या रताळ्याचा आणि ओल्या पेंढ्याचा. "बघ ताई, धूर आहे का?" असं तो म्हणाला. धूर दिसला नाही हे खरं. ते करपलेलं टोक मात्र मी विसरलेले नाही.

म्हणजे ही व्हेपच ना?

नाही. व्हेपमध्ये निकोटिन घातलेला द्रव तापतो, तंबाखूचं पान नसतं. इथे खरी तंबाखू असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातल्या देशांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरवून टाकलं की ही तंबाखूचीच उत्पादनं आहेत आणि तंबाखूला लागू होणारे सगळे नियम यांनाही लागू होतात. आपल्या भारतातल्या कायद्याने मात्र व्हेप आणि ही यंत्रं एकाच व्याख्येत घेतली आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

ही कल्पना एकदम आली कुठून?

एकदम आलेली नाही. अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्सने १९८८ मध्ये 'प्रीमियर' नावाची, तंबाखू न जाळणारी सिगारेट काही शहरांत विकून पाहिली होती. लोकांना चव आणि वास आवडला नाही आणि वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. नंतर आणखी एकदोन प्रयत्न झाले, तेही चालले नाहीत. चांगली छोटी बॅटरी आली आणि जपानची बाजारपेठ मिळाली, तेव्हा कुठे हे जमलं.

मग जपानमध्येच इतकं का पसरलं?

आयकॉस नोव्हेंबर २०१४ मध्ये नागोया शहरात आणि इटलीत मिलानला विक्रीला आलं. एप्रिल २०१६ मध्ये ते सगळ्या जपानभर मिळू लागलं. त्याच महिन्यात तिथल्या एका लोकप्रिय विनोदी टीव्ही कार्यक्रमात कलाकार या यंत्राबद्दल भरभरून बोलले आणि इंटरनेटवरचा शोध एकदम वाढला. जपानी संशोधकांच्या पाहणीत २०१५ मध्ये ०.३ टक्के लोक आयकॉस वापरत होते, २०१७ मध्ये ३.६ टक्के.

पण टीव्हीने एवढं होत नाही, जमीन आधीच तयार होती. पहिलं कारण कायद्याचं. निकोटिनचा द्रव असलेली व्हेप जपानमध्ये औषधाच्या कायद्याखाली येते आणि तिला मंजुरी मिळालेली नाही, म्हणजे दुकानात ती नाहीच. तापवायची तंबाखू मात्र तंबाखूच्या कायद्याखाली सिगारेटच्या शेजारी मांडता येते. व्हेप की हे यंत्र, असे दोन पर्याय तिथल्या माणसासमोर नव्हतेच.

दुसरं कारण तिथल्या राहणीत आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास व्हायला नको, हा तिथला मोठा संस्कार. टोकियोच्या चियोदा भागात २००२ पासून रस्त्यावर सिगारेट ओढल्यास दंड आहे. घरं लहान, बाल्कनीला बाल्कनी लागून, आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागला की तक्रार होते. अशा माणसाला राख नाही, लायटर नाही, वास कमी असं काही मिळालं तर तो उडी मारणारच. भावाने बदलण्याचं कारणही फुप्फुसं नव्हती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा नम्रपणे चिठ्ठी लावली होती, ते कारण होतं.

तिसरं, सरकारने यांच्यावरचा कर सिगारेटपेक्षा कमी ठेवला. २०१८ पासून तो टप्प्याटप्प्याने वाढवत आणला आहे. शिवाय एप्रिल २०२० पासून पूर्ण लागू झालेल्या नियमांत सिगारेटच्या खोलीत खाणंपिणं बंद झालं, पण फक्त तापवलेल्या तंबाखूसाठी वेगळी खोली असेल तर तिथे जेवत-पीत ओढता येतं. माणूस सिगारेट सोडून यंत्राकडे का वळतो याचं उत्तर या एका नियमात बरंचसं आहे. आणि 'प्लूम' हे यंत्र विकणाऱ्या जपान टोबॅको कंपनीचे एक तृतीयांशाहून जास्त शेअर कायद्यानेच तिथल्या सरकारकडे असतात, हेही लक्षात असू द्या.

तिथे सिगारेटची विक्री खरंच घटली का?

हो, आणि हे लपवण्यात मला अर्थ वाटत नाही. २०१६ च्या आर्थिक वर्षात जपानमध्ये १६८ अब्ज सिगारेटी विकल्या गेल्या, २०२० मध्ये ९९ अब्जांच्या आसपास. सिगारेट त्याआधीही कमी होत होती, पण यंत्रं आल्यावर घसरण वेगाने झाली असं वेगवेगळ्या अभ्यासकांना दिसलं.

मात्र विकली न गेलेली सिगारेट म्हणजे तंबाखू सोडलेला माणूस नव्हे. २०१९ च्या जपानच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १६.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि त्यांच्यातले साधारण चारातले एक जण ही यंत्रं वापरत होते: पुरुषांत २७.२ टक्के, बायकांत २५.२ टक्के. निकोटिनची गरज तशीच राहिली, ती भागवायची वस्तू बदलली.

धूरच नाही, तर नुकसान कसलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तंबाखू पेटली नाही तरी ३५० अंशांना ती करपते. करपताना नवी रसायनं तयार होतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आयकॉसचा फवारा तपासला, तेव्हा त्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला, फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिनसारखी रसायनं सापडली, आणि निकोटिन नेहमीच्या सिगारेटच्या ८४ टक्के. एक रसायन तर सिगारेटपेक्षा जवळपास तिप्पट निघालं. बहुतेक घातक गोष्टींचं प्रमाण सिगारेटपेक्षा कमी होतं, हेही तितकंच खरं.

दक्षिण कोरियाच्या अन्न आणि औषध खात्याने २०१८ मध्ये बाजारातली यंत्रं तपासली. निकोटिन सिगारेटइतकंच आढळलं आणि काही कांड्यांत 'टार' म्हणून मोजला जाणारा भाग सिगारेटपेक्षाही जास्त भरला. टार म्हणजे एकच पदार्थ नसतो, कागदी गाळणीवर उरलेलं सगळं त्यात येतं, म्हणून नुसता तो आकडा पुढे करून मी कुणाला घाबरवत नाही. पण "यात टार नसतोच" असं दुकानदाराने सांगितलं तर ते खरं नाही, एवढं धरून चला.

हृदयाचं वेगळं आहे. अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगात आयकॉसच्या फवाऱ्याने रक्तवाहिन्यांची सैल पडण्याची ताकद जवळपास सिगारेटच्या धुराइतकीच कमी झाली. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, नाडी वाढवतं. ज्याला आधीच रक्तदाब आहे, स्टेंट बसवलेला आहे, त्याने "वाफच आहे" म्हणून निर्धास्त राहू नये.

अमेरिकेच्या एफडीएने याला मान्यता दिली आहे म्हणतात.

अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त पसरतं. एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये आयकॉस विकायला परवानगी दिली. जुलै २०२० मध्ये "सिगारेटवरून पूर्णपणे यावर आलात तर घातक रसायनांशी येणारा संपर्क कमी होतो" अशा आशयाचं सांगायलाही परवानगी दिली. पण "आजाराचा धोका कमी होतो" असं सांगायची परवानगी कंपनीने मागितली होती, ती नाकारली, कारण ते सिद्ध झालेलं नव्हतं. संपर्क कमी होणं आणि कॅन्सर कमी होणं यांत फरक आहे. या यंत्रांना बाजारात येऊन दहा-बारा वर्षं झाली, आणि फुप्फुसाचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा त्याहून जास्त काळ लागतो.

सरळ सांगा ना, सिगारेटपेक्षा कमी वाईट आहे की नाही?

रसायनांपुरतं बोलायचं तर कमी. कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. पूर्ण बदललेल्या लोकांच्या अंगात सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी विषारी द्रव्यं होती, आणि काहीच न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त. त्यातल्या सगळ्या चाचण्या तंबाखू कंपन्यांच्या पैशातून झाल्या होत्या, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. म्हणजे चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखं. फरक आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला भेटायला आलेल्या माणसाला मी जिन्याने खाली यायला मदत करेन, कमी उंचीची खिडकी दाखवणार नाही.

मी दोन्ही ओढतो. दिवसाला दहा सिगारेटींवरून तीनवर आलोय. चांगलंच झालं ना?

या उत्तरासाठी मी हे पान लिहायला घेतलं.

दहावरून तीनवर येणं ही मेहनत आहे. ती मेहनत वाया जाऊ नये म्हणूनच हे सांगते. माणसाच्या मनात हिशोब असा असतो की सत्तर टक्के सिगारेट कमी, म्हणजे सत्तर टक्के धोका कमी. हृदयाच्या बाबतीत तो हिशोब चुकतो. २०१८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष छापून आला: दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. वीसावा हिस्सा नव्हे, निम्मा. उरलेल्या तीन सिगारेटी म्हणूनच 'थोड्याच' नाहीत.

त्या तीन कोणत्या उरतात, तेही बघा. मी लोकांना वहीत लिहायला लावते. जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत त्याच असतात: सकाळी उठल्यावरची, जेवणानंतरची आणि मित्रांबरोबरची. म्हणजे सवयीची मुळं जिथे आहेत तिथल्या. यंत्राने काढून टाकल्या त्या ऑफिसात, गाडीत, कंटाळा आला म्हणून ओढलेल्या सुट्या. आणि यंत्र बाथरूममध्ये, खिडकीत, बेडरूममध्येही चालतं, त्यामुळे जिथे आधी निकोटिन मिळत नव्हतं तिथेही आता मिळू लागतं. एकाने वही आणली होती. सिगारेट तीन, कांड्या चौदा. तो खुशीत होता, कारण त्याने कांड्या हिशोबात धरल्याच नव्हत्या. बेरीज मी त्याच्यासमोर केली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मला त्याला हिणवायचं नव्हतं. त्यानेच नंतर विचारलं, "म्हणजे मी सतरावर आहे का?"

म्हणून यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते: शेवटची पेटवलेली सिगारेट कधी ओढलीत? उत्तर "काल" असेल तर यंत्राच्या फायद्यातोट्याची चर्चा नंतर करू, आधी ती सिगारेट.

पण यामुळे पुढे सगळंच सुटतं का?

त्या कोक्रेन तपासणीत 'सिगारेट सुटली का' हे मोजणारी एकही चाचणी सापडली नाही. म्हणजे सोडवण्याचं साधन म्हणून हे विकत घेणाऱ्याकडे त्याचा पुरावा नाही. उलट निकोटिनचा च्युइंगगम, पॅच, गोळ्या यांचा पुरावा भरपूर आहे, आणि हे सगळं भारतात डॉक्टरच्या सल्ल्याने मिळतं.

घरात बाळ आहे. हे तरी घरात ओढलं तर चालेल?

नाही. सिगारेटच्या धुरापेक्षा हवेत येणारं कमी असतं, पण निकोटिन आणि बारीक कण येतातच. बाळासाठी 'कमी' हे माप लावू नका. बायको गरोदर असेल तर गॅलरीतही नको, दार उघडलं की हवा आत येतेच.

वापरलेली कांडी मुलाच्या हाती लागली तर?

हे गांभीर्याने घ्या. ओढून झालेल्या कांडीत निकोटिन शिल्लक असतं, आणि राख नसल्याने ती टेबलावर, कपाटावर तशीच पडलेली राहते. लहान मुलाला ती खडूच्या तुकड्यासारखी वाटते. त्यात आयकॉसच्या इल्युमा या नव्या यंत्राच्या कांडीत, २०२१ पासून, आत धातूची धारदार पट्टी असते. ती गिळली तर तोंडाला, घशाला, आतड्याला इजा होऊ शकते. मुलाने चघळली किंवा गिळली असं वाटलं तर उलटी करवू नका, कांडीचं पाकीट बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा.

फ्लेवरवाल्या कांड्या कमी त्रासाच्या असतात का?

घशाला कमी लागतात, म्हणून जास्त ओढल्या जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून तापवायच्या तंबाखूतले फ्लेवर बंद केले.

भारतात हे विकत मिळतं का?

कायद्याने नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. नावात ई-सिगारेट असली तरी व्याख्येत 'हीट नॉट बर्न', म्हणजे न जाळता तापवायची उत्पादनं नाव घेऊन घातलेली आहेत. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणून एखाद्या टपरीच्या मागच्या खणातून किंवा इन्स्टाग्रामवरून कुणी 'ओरिजिनल जपानी' म्हणून देत असेल, तर ती चोरट्या मार्गाने आलेली वस्तू आहे. तिच्यात काय आहे हे सांगणारं कुणी नाही आणि बॅटरी फुटली तर विचारायला कुणी नाही.

परदेशातून येताना स्वतःपुरतं एक आणलं तर?

आणू नका. आयातबंदी आहे, विमानतळावर कस्टम्स ते जप्त करू शकतं, आणि जवळ बाळगणंही कायद्याचं उल्लंघन आहे अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका आहे. दुबईत हे २०१९ पासून कायदेशीर आहे, म्हणून तिथून परतणारी आपली माणसं हमखास फसतात. वाटेत सिंगापूर असेल तर आणखी जपून, तिथे जवळ सापडलं तरी दंड आहे. हाँगकाँगने २०२२ पासून आयात आणि विक्री बंद केली, व्हिएतनामने २०२५ पासून.

यावर बंदी आणि सिगारेट मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर! हा न्याय आहे का?

हा राग मला समजतो. सिगारेट ओढणाऱ्याला कायद्याने जास्त घातक वस्तू सहज मिळते आणि कमी घातक मिळत नाही, हे विसंगत आहेच. तरीही माझं मत बंदीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आपली माणसं तंबाखू कशी घेतात यात आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण ओढणारे १०.७ टक्के, आणि त्यांतही विडीवाले सिगारेटवाल्यांपेक्षा जास्त. महाराष्ट्रात तर ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी, खाणारे चोवीस टक्क्यांच्या वर. महागडं यंत्र विडी ओढणाऱ्या बांधकाम मजुराकडे कधी पोचलंच नसतं. ते पोचलं असतं कॉलेजातल्या मुलांकडे, ज्यांनी अजून काहीच ओढलेलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे: सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आणली, आणि आजही शाळेजवळच्या टपरीवर दोन सुट्या मागा, मिळतात. बंदी आणलीत तर ती पाळलीही जाऊ द्या.

आमच्याकडे सगळे मळून खाणारे किंवा खर्रावाले. यातलं आम्हाला काय?

थेट काही नाही. पण "धूर नाही म्हणजे निर्धोक" हे वाक्य तुम्ही आधी ऐकलेलं आहे. मिश्रीबद्दल आणि माव्याबद्दलही लोक हेच म्हणायचे, आणि तोंडाच्या कॅन्सरचे किती रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात रांगेत असतात ते तुम्ही पाहिलं असेल.

मग सोडायचं कसं? नुसतं नको म्हणू नका.

पाकिटावर एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. तो फुकट आहे, समोर माणूस बोलतो. फोनवर बोलायचं नसेल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या, मग मेसेज येत राहतात.

तारीख ठरवा, पुढच्या दहा-पंधरा दिवसांतली. घरच्यांना सांगा. त्या दिवशी सिगारेट आणि यंत्र दोन्ही बंद, एक ठेवून दुसरं नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर निकोटिनची ओढ जास्त आहे असं समजा आणि डॉक्टरांना विचारून ४ मिलिग्रॅमचा गम घ्या, नाहीतर बहुधा २ चालतो. हा गम साध्या च्युइंगगमसारखा सारखा चघळायचा नसतो, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. चार-पाच वेळा चावा, तोंडात चुणचुण झाली की गालाच्या आत ठेवून द्या, चुणचुण गेली की पुन्हा चावा. चहा-कॉफी पिऊन लगेच गम घेतला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्या. आपल्याकडे चहा आणि सिगारेट जोडीनेच येतात, म्हणून पहिले दोन आठवडे चहाची जागा बदला: टपरीवर नको, घरात किंवा पॅन्ट्रीत बसून घ्या.

तल्लफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, घड्याळ लावून बघा. पहिला आठवडा चिडचिड होईल, झोप बिघडेल, खोकला उलट वाढल्यासारखा वाटेल. ती बिघाडाची लक्षणं नाहीत, सुटत असल्याची आहेत. गमने भागत नसेल तर व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं आहेत, पण ती डॉक्टरनेच द्यायची. एकदा घसरलात तर तारीख पुन्हा ठरवा. माझ्याकडे सुटलेले बरेचसे लोक दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सुटलेले आहेत.

तुमच्या भावाचं काय झालं?

समुपदेशनाच्या गटात हे मला हमखास विचारतात. वर्षानुवर्षं तो म्हणायचा, "ताई, मी सिगारेट सोडलीय." शुक्रवारी ऑफिसातल्यांबरोबर बसला की सिगारेट असायची, ती तो धरायचा नाही. जपानमध्ये तंबाखू सोडण्याच्या उपचारांना आरोग्य विमा लागू आहे, आणि २०२० पासून तापवायची तंबाखू ओढणाऱ्यांनाही तो मिळतो. बारा आठवडे, पाच भेटी. ज्या देशात हे यंत्र एवढं फोफावलं, तिथलेच डॉक्टर ते सोडवण्यासाठी उपचार देतात, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला माहीतच नव्हतं.

पहिल्या भेटीत त्याला नळीत फुंकायला लावलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. आकडा अगदी कमी आला, जवळपास न ओढणाऱ्यासारखा. त्याने लगेच मला फोटो पाठवला. पाठोपाठ त्याचाच मेसेज आला की डॉक्टर म्हणाले, हे मशीन निकोटिन मोजत नाही, सकाळी उठल्यावर किती मिनिटांत हात खिशाकडे जातो ते सांगा. त्याने सांगितलं, पाच.

आता त्याची तिसरी भेट झाली आहे. दंडावर पॅच आहे. शुक्रवारी तो लवकर घरी येतो. यंत्र अजून टाकलेलं नाही, चार्ज न करता खणात ठेवलंय, कांड्यांचं पाकीट मात्र त्याच्या बायकोने फेकून दिलं.